डांबर सोडणार नाही

पिरंगुटहून भऱ्याला जाणारी सडक त्या काळी एका गाडीपुरतीच डांबरी होती. मधे डांबराचा पट्टा, दोन्ही अंगांना मुरूम आणि मुरमाच्या पलीकडे चर. समोरून दुसरी गाडी आली की दोघांपैकी एकाला निम्मी चाकं मुरमावर उतरवावी लागायची. याला त्या भागात ‘डांबर सोडणं’ म्हणत. पुढं हे बोलणं सडकेवरून उठून घराघरांत शिरलं. बांधाच्या भांडणात कुणी नमतं घेतलं, सोयरिकीच्या बैठकीत कुणी मान तुकवली, की लोक म्हणायचे, "सोडलं म्हणा अखेर डांबर."

डांबर कुणी सोडायचं याचा रिवाज ठरलेला होता. रिकाम्या गाडीनं भरल्या गाडीला वाट द्यायची. कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण बैलगाडीवाल्यापासून एस.टी.च्या ड्रायव्हरपर्यंत सगळे ते पाळत. पौडचा चाँदभाई टॅक्सीवाला तर नमाजाइतक्याच नेमानं पाळायचा. आणि भऱ्याचे हैबतराव ते अजिबात पाळत नसत. पुढं जे काही रामायण झालं ते एवढ्यावरून.

चाँदभाई पन्नाशीला आलेला, अंगानं वाळका, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. बापाचं पौडच्या बाजारात विळे, खुरपी, बादल्या विकायचं दुकान होतं. ते धाकट्या भावानं, अलाउद्दीननं, सांभाळलं आणि चाँदभाईनं हातात स्टिअरिंग धरलं. अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे ट्रक हाकले आणि मग एक जुनी राखाडी अँबॅसिडर घेतली. ती घेतल्यापासून त्याची चालण्याची तऱ्हाच बदलली. पावसाळ्यात तो विडीतली तंबाखू काढून पुढच्या काचेवर चोळायचा, म्हणजे पाणी ठरत नाही. हॉर्न फारसा वाजवायचा नाही. म्हणायचा, "हॉरन वाजवनं म्हंजी वरडनं. मला कुनाच्या अंगावर वरडायचं न्हाई, कुनी माज्या अंगावर वरडायचं न्हाई."

लग्नसराईत मुळशी खोऱ्यात नवरदेवाची गाडी म्हणजे चाँदभाईची गाडी. बॉनेटवर झेंडूच्या माळा, आतून धुतलेले पडदे, पायाशी घरच्या सतरंजीचा तुकडा. त्याची एकच बढाई होती, आणि ती तो मांडवात चहा पिताना चारचौघांत मारायचा, "माज्या गाडीतल्या नवऱ्या-नवरीचा पाय मातीला लागत न्हाई." लोक हसायचे, पण ते खरं होतं. चिखल असो, खडी असो, तो गाडी थेट मांडवाच्या तोंडाशी लावायचा.

हैबतराव भऱ्यातले बडे बागाईतदार. माळावरची जमीन कारखान्याला गेली आणि तिच्या पैशातून दारात नवी जीप आली. जीपला हॅलोजनचे दिवे. त्या वेळी आपल्याकडं सगळ्या गाड्यांचे दिवे पिवळे, पातळ वरणासारखे. त्यात वरच्या निम्म्या काचेला काळा रंग द्यायचा असा नियम होता, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. चाँदभाईच्या गाडीला तो रंग होता. हैबतरावांच्या काचा मात्र स्वच्छ कोऱ्या. असला पांढराधोट उजेड त्या सडकेवर एरवी फक्त साहेब लोकांच्या गाडीचा दिसायचा. तिन्हीसांजेला लांबून पांढरं दिसलं की गाडीवान बैलांचे कासरे ओढायचे, सायकलवाले उतरून उभे राहायचे, बायका डोक्यावरच्या भाऱ्यासकट मुरमावर व्हायच्या. आणि आतला माणूस दिसत नसला तरी उजेडाला रामराम घालायचे.

त्या वर्षी वैशाखात भऱ्याच्या गेणबाच्या मुलाचं, नथूचं लग्न होतं. मुलगी लवळ्याची. लग्न लावून नवरा-नवरीला घेऊन चाँदभाई परत निघाला तेव्हा दिवेलागण झाली होती. दुपारीच वळवाची एक सर येऊन गेली होती आणि सडकेच्या कडेचा मुरूम भिजून गिच्च झाला होता. भऱ्याची शीव लागली आणि समोरून तो पांढरा उजेड आला. चाँदभाईनं आपला दिवा खाली केला, रिवाजाप्रमाणं. समोरचा खाली होईना. त्यानं दोनदा अप्पर-डिप्पर करून खूण केली. गाडी भरलेली आहे, नवरा-नवरी आहेत, फुलांच्या माळा आहेत, आंधळ्यालाही कळावं. पण उजेड तसाच अंगावर आला. चाँदभाईला पुढचं काही दिसेना, नुसतं पांढरं. त्यानं चाकं डावीकडं घेतली आणि अँबॅसिडर चरात कलली. जीप डांबरावरून सरळ निघून गेली.

मग नथूनं मुंडावळ्या सावरत, नव्या धोतराचा काचा मारून गाडी ढकलली. नवरी उतरली. सासरच्या शिवेतलं तिचं पहिलं पाऊल घोट्याएवढ्या चिखलात पडलं. ती नुसती पायाकडं बघत राहिली. गेणबा पुढच्या सीटवरून उतरला होता. तो म्हणाला, "जाऊ दे चाँदभाई. मोठ्याची गाडी हाय. मी तर लांबून पांढरं दिसलं की चरातच हुबा ऱ्हातो."

चाँदभाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. राग हैबतरावांचा होताच, पण त्याहून जास्त राग त्या ‘जाऊ दे’चा होता. बायकोला, शमशादला, तो म्हणाला, "माज्या गाडीतल्या नवरीचा पाय मातीला लागला." शमशाद म्हणाली, "मग धुतला असंल तिनं." ती उगाच कुणाची समजूत घालणारी बाई नव्हती.

दुसऱ्याच दिवशी चाँदभाई पुण्याला, नाना पेठेत गेला. मोटारीच्या सामानाच्या दुकानात शेठनं काउंटरवर तीन बल्ब मांडले. एक नेहमीचा पिवळा. दुसरा साधा हॅलोजन. तिसरा त्याहून जाड, शंभर वॉटचा. शेठनं बॅटरीच्या वायरी जोडून एकेक लावून दाखवला. पहिल्यानं समोरच्या भिंतीवर हळद सांडली. दुसऱ्यानं भिंतीच्या विटा मोजता येतील असा स्वच्छ उजेड पडला. तिसरा लावला आणि भिंतीखाली उभा असलेला हमाल डोळ्यांवर हात धरून शिव्या देऊ लागला.

"मधला घ्या," शेठ म्हणाला. "तिसरा तुमच्या वायरिंगला सोसणार नाही. जाड वायर टाकावी लागेल, रिले लावावा लागेल, आणि तुमचा डायनामो रडत राहील तो वेगळाच."

"पन पांडरा लई हाय."

"पांढरा आहे, पण तुम्हाला दिवा कशासाठी पाहिजे? तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून, की समोरच्याला तुम्ही दिसावं म्हणून?"

चाँदभाईनं क्षणभरही विचार केला नाही. "समोरच्याला," तो म्हणाला, आणि तिसरा उचलला.

वायरी त्यानं स्वतः ओढल्या, रिले बसवला. काचांवरचा काळा रंग ब्लेडनं खरवडला. शमशाद ओट्यावर तांदूळ निवडत बघत होती. संध्याकाळी त्यानं दिवे लावले तेव्हा समोरच्या पिंपळावरचे कावळे सकाळ झाली समजून ओरडायला लागले. बाजारातली माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "चाँदभाईचं चांदनं पडलं रं." चाँदभाई दाढीत हसला.

आणि सडकेवर चमत्कार झाला. राखाडी अँबॅसिडर भऱ्याच्या रस्त्याला लागली की लांबूनच बैलगाड्या मुरमावर उतरू लागल्या. सायकलवाले थांबून रामराम घालू लागले. रामराम हैबतरावांना होता, हे चाँदभाईला समजत होतं. पण खोटं कशाला सांगायचं, त्याला ते आवडलं. इतकी वर्षं वाट देत आलेल्या माणसाला एकदा सगळा रस्ता मोकळा मिळाला की आवडणारच. तोही मग दिवा खाली करीनासा झाला.

खरी मजा पुढं झाली. हैबतरावांना जमिनीच्या कामासाठी कुणी बडा साहेब येणार असल्याचा निरोप होता. ते जीप घेऊन पिरंगुटकडं त्याला सामोरं निघाले आणि समोरून पांढरा उजेड आला. या सडकेवर आपल्याखेरीज पांढरा उजेड म्हणजे साहेबच, असं त्यांनी धरलं. त्यांनी जीप मुरमावर घेतली. नुसती घेतली नाही, तर खाली उतरले, टोपी सारखी केली आणि हात जोडून उभे राहिले. चाँदभाईनं गाडी अगदी हळू केली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "रामराम हैबतराव, रामराम. असू द्या." मागं घोटावड्याच्या दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही गोष्ट निम्म्या तालुक्यात पोचवली. हैबतरावांनी डांबर सोडलं, आणि तेही हात जोडून, हे सांगताना लोकांच्या डोळ्यांतून पाणी येई.

चौथ्या दिवशी हैबतराव पौडच्या बाजारात आले. चाँदभाई अलाउद्दीनच्या दुकानापुढं गाडी पुसत होता.

"चांद्या, ते दिवे काढ," हैबतराव म्हणाले.

"न्हाई काढनार."

"काचेला काळा रंग न्हाई. नियम हाय सरकारचा."

"हाय की. पैला तुमच्या जीपला लावा. त्याच बुरशानं म्या माज्या गाडीला लावतो."

हैबतराव आवाज न चढवता म्हणाले, "भऱ्यातलं मानूस तुझ्या गाडीत पाय ठेवनार न्हाई आता. बघतो कुनाला दिवे दाखवतोस."

हैबतराव बोलले ते त्यांनी करून दाखवलं. भऱ्यातल्या पोरांना कारखान्यात चिकटवणारे तेच होते, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी देणारेही तेच. गावानं मुकाट्यानं ऐकलं. भऱ्याचं भाडं बंद झालं. लग्नासाठी ठरवलेली गाडी रद्द झाली. भऱ्याच्या बायका पौडच्या बाजारातून डोक्यावर ओझी घेऊन चालत जाऊ लागल्या आणि चाँदभाई समोर आला की पदर पुढं ओढू लागल्या.

दुसरा असता तर दिवे काढून मोकळा झाला असता. चाँदभाईनं उलटंच केलं. रोज तिन्हीसांजेला तो रिकामी गाडी काढायचा, दिवे लावून भऱ्याला जायचा, चावडीपुढं वळवायचा आणि परत यायचा. कुणाशी बोलायचा नाही, हॉर्न वाजवायचा नाही. नुसता पांढरा उजेड घराघरांच्या भिंतींवरून फिरवून आणायचा.

"रिकामी गाडी हिंडवून कुनाला जेवायला घालताय?" शमशादनं विचारलं.

"रिकामी कुटं हाय? म्या हाय की तिच्यात."

"तुमी हाय म्हनूनच इचारलं," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी निघताना तिनंच डब्यात चटणी-भाकरी बांधून दिली.

अशाच एका फेरीला तो भऱ्याच्या शिवेजवळ आला. पावसाळा सरत आला होता, गवत उंच झालं होतं. पुढं डांबरावर कुणीतरी म्हैस घेऊन चाललं होतं. पांढरा उजेड अंगावर पडताच त्या माणसानं म्हशीला काठी घालून कडेला लोटलं आणि स्वतः चरात उडी टाकली. गवतात दगड होता. एक अस्फुट आवाज आला आणि माणूस खाली बसला तो उठेचना.

चाँदभाई गाडी थांबवून धावला. चरात गेणबा होता. एक पाय वाकडा पडलेला, आणि तशा स्थितीत दोन्ही हात उजेडाकडं जोडलेले. "घेतली म्हस कडंला, हैबतराव," तो म्हणत होता. "घेतली, घेतली."

"आबा, म्या हाय. चाँद."

गेणबानं डोळ्यांवर हात धरला. "चाँद? मला वाटलं हैबतरावाचं दिवं."

"माजंच हायेत आबा."

"तसं व्हय," गेणबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखण्यानं तो धापा टाकत होता. "मग आमी दोगांत वळखायचं कसं रं बाबा?"

चाँदभाईला नाना पेठेतला शेठ आठवला आणि भिंतीखाली डोळे झाकून शिव्या देणारा हमाल आठवला. शेठनं विचारलं तेव्हा आपण छाती काढून उत्तर दिलं होतं, ते आता त्याला नको नको झालं. ज्याला दाखवायचं होतं तो एकच होता, आणि रोज चरात उतरत होते ते हे सगळे. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला, आधी स्वतःचा आणि मग पुन्हा हैबतरावांचा.

त्यानं गेणबाला उचलून मागच्या सीटवर दाराला टेकवून बसवलं, लांब केलेल्या पायाखाली सतरंजीची घडी दिली. म्हैस आपली आपण घराकडं निघाली होती. गाडी वळवून तो पिरंगुटकडं निघाला, तिथून पुढं पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आता समोर सायकल दिसली तरी तो दिवा खाली करत होता. अर्ध्या रस्त्यात, ओढ्याच्या मोरीअलीकडं, समोरून पांढरा उजेड आला.

"हैबतराव," मागून गेणबा म्हणाला. "सोड बाबा डांबर. माजा पाय काय पळून जात न्हाई."

चाँदभाईनं गाडी बरोबर डांबराच्या मधोमध थांबवली. एवढ्या हौसेनं आणलेले ते दिवे एक बटण दाबून बंद केले. इंजिनही बंद केलं. मग खाली उतरला आणि बॉनेटपुढं जाऊन उभा राहिला.

जीप जवळ आली, हॉर्न वाजत राहिला आणि हातभर अंतरावर येऊन जीपला थांबावं लागलं. उजेड चाँदभाईच्या अंगावर, त्याच्या मेंदीच्या दाढीवर, खाकी सदऱ्यावर पडला होता.

"काय रं, दिवं गेलं व्हय?" उजेडामागून हैबतराव म्हणाले.

"दिवं हायेत. लावत न्हाई."

"मग हो बाजूला."

"न्हाई. माजी गाडी भरल्याली हाय, तुमची रिकामी हाय. रिवाज तुमाला ठावं हाय."

"चांद्या, लई झालं."

"चाँदभाई म्हनत्यात मला. आन् तुमचं दिवं बंद करा, मंग बोला. मला तुमी दिसत न्हाई. उजेडासंगं बोलायची मला सवय न्हाई."

हैबतरावांनी दिवे बंद केले नाहीत. त्यांनी इंजिन गुरगुरवलं, जीप हातभर पुढं आणली. चाँदभाईच्या गुडघ्यांना बंपर लागला. आयुष्यभर ट्रक हाकलेला माणूस, बंपर काय करतो हे त्याला चांगलं माहीत होतं. पण पाय जागचा हलला नाही.

त्याच पांढऱ्या उजेडात, काचेतून, मागच्या सीटवरचा गेणबा स्वच्छ दिसत होता. वाकडा पाय, चिखलानं भरलेलं धोतर. हैबतराव तिकडं बराच वेळ बघत राहिले असावेत. गेणबा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच बांधाला बांध असलेला. मागून कुणाची तरी बैलगाडी येऊन थांबली होती आणि गाडीवानही बघत होता.

मग जीप मागं सरकली, डावीकडं वळली आणि तिची दोन चाकं मुरमावर उतरली. कलून, हिंदकळत ती अँबॅसिडरच्या अंगाला लागून पुढं गेली. गेणबाचा हात सवयीनं रामरामासाठी उठला होता. जीप शेजारून गेली आणि तो हात तसाच वर राहिला.

"काय झालं आबा?" चाँदभाईनं गाडी सुरू करत विचारलं.

"त्येचं तोंड जवळनं दिसलं आज," गेणबा म्हणाला. "जीप घेतल्यापासनं पयल्यांदा. म्हातारा झाला की रं ह्यो."

गेणबाचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्याला घरी आणायच्या दिवशी सकाळी चाँदभाईनं भावाच्या दुकानातून काळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेतला. दोन्ही काचांच्या वरच्या निम्म्या भागावर त्यानं नीट, रेघ धरून रंग लावला. आतले बल्ब तेच ठेवले, पांढरे. अलाउद्दीन म्हणाला, "म्हंजी सोडलंसच की डांबर." चाँदभाईनं डब्याचं झाकण लावून तो गाडीत पायापाशी ठेवला.

दवाखान्यातून गेणबा, नथू आणि नथूची बायको गाडीत बसले. भऱ्यातलं माणूस त्या गाडीत बसायचं नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. नथूची कारखान्यातली नोकरी हैबतरावांच्या शब्दावरची. त्यानं गाडीत बसण्याआधी बापाकडं बघितलं होतं, आणि बाप म्हणाला होता, "बस. माजा पाय उगाच मोडला न्हाई." शीव आली तेव्हा मागून सून चाँदभाईशी पहिल्यांदाच बोलली. "मामा, हितंच उतारलं हुतं मला."

"आज आतच बसायचं, पोरी," चाँदभाई म्हणाला.

चावडीपुढून, उघड्या खिडक्यांनी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत गाडी गेली आणि हैबतरावांच्या दारात थांबली. हैबतराव ओसरीवर बसले होते. जीप अंगणात होती, काचा कोऱ्या. चाँदभाई उतरला, डबा उघडून जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि त्यावर ब्रश आडवा ठेवला.

"तुमी काय पैलं लावलं न्हाई, म्हनून म्या लावलं," तो म्हणाला. "रंग उरलाय. बुरूश वाळायच्या आत उरकून घ्या."